नमुना सही आणि जमिनीवरचा कोळी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. छपाईसाठी थोडा आटोपशीर केला आहे.)



व्याख्यानमालेत माझं नाव लागलं तेव्हा बहुतेकांना वाटलं, हे बँकेतले गृहस्थ, म्हणजे नॉमिनेशन, मृत्युपत्र, नाहीतर ठेवींवरचा टीडीएस. नोटीस बोर्डावर ‘जमिनीवरचा नवा कोळी’ असं वाचून दोघा-तिघांनी मला लिफ्टमध्येच गाठलं. ‘काका, हे पेस्ट कंट्रोलबद्दल आहे का?’ एका अर्थी आहे. पण तिथे पोचायला मला थोडा वळसा घ्यावा लागेल.

माझी नात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्यामुळे गेली दोन वर्षं माझ्या टेबलावर पासबुकांच्या शेजारी छोट्या काचेच्या कुप्या दिसतात. कुपीत अल्कोहोल, अल्कोहोलमध्ये कोळी. आमच्या सौभाग्यवतींनी सुरुवातीला पुष्कळ आकांडतांडव केलं, आता त्या लेबलं वाचून दाखवतात. या निमित्ताने मला एक प्रश्न पडला, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो. पेपरात आपण वाचतो, ‘अमुक ठिकाणी कोळ्याची नवी प्रजाती सापडली’. नवी म्हणजे काय? कोळी तर तिथे हजारो वर्षं होताच. मग नवं काय झालं, आणि ते ठरवलं कोणी?

आपल्याला ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. 26/11 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबला जिवंत पकडताना शहीद झालेले तुकाराम ओंबळे. त्यांच्या नावाचा एक कोळी आहे, आयसियस तुकारामी. 2021 साली ध्रुव प्रजापती, जॉन कालेब, सोमनाथ कुंभार आणि राजेश सानप यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. तो महाराष्ट्रातलाच, उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी. आजचा माझा कोळी मात्र वेगळ्या कुळातला. या कुळाचं नाव नॅफोसिडी, इंग्रजीत त्यांना ग्राउंड स्पायडर म्हणतात. आपण साध्या मराठीत जमिनीवरचा कोळी म्हणू.

हा जाळं विणत नाही. म्हणजे आपण ज्याला जळमट म्हणतो आणि दिवाळीआधी केरसुणीने काढतो, ते याचं नव्हे. दिवसा हा दगडाखाली, कुंडीखाली, पालापाचोळ्यात, झाडाच्या सुटलेल्या सालीखाली रेशमाची छोटी पिशवी करून आत झोपतो. रात्री बाहेर पडतो आणि पळत पळत शिकार करतो. रंगाने बहुधा काळा, करडा नाहीतर मातकट. आकार पाच ते दहा मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याएवढा म्हणा ना. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

मग ओळखायचा कसा? मागच्या टोकाला रेशीम सोडणाऱ्या नळ्या असतात. इतर कोळ्यांत त्या एकमेकींना चिकटून असतात. याच्या पुढच्या दोन नळ्या लांबट, गोल आणि एकमेकींपासून अंतर ठेवून असतात, जुन्या दुनळी बंदुकीसारख्या. दुसरी खूण डोळ्यांची. आठ डोळे, चार-चारच्या दोन ओळी. मागच्या ओळीतले मधले दोन डोळे गोल नसतात, लंबगोल आणि तिरके असतात. नातीने मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, चांदीच्या टिकल्या तिरक्या लावाव्यात तसे दिसतात.

हे डोळे नुसते शोभेचे नाहीत बरं का. 1999 साली ‘नेचर’मध्ये एक संशोधन आलं. याच कुळातला ड्रॅसोडिस नावाचा कोळी संधिप्रकाशात बाहेर पडतो आणि या दोन डोळ्यांनी आकाशातल्या ध्रुवित प्रकाशाची दिशा वाचून आपल्या घरट्याकडे परत येतो. म्हणजे डोळ्यातच होकायंत्र. आपण मोबाइल हातात धरूनही कोथरूडच्या गल्ल्यांत चुकतो.

शिकारीची तऱ्हाही न्यारी. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की मुंगी किंवा दुसरा कोळी अशी उलटून चावणारी शिकार असली, की हा पाठमोरा होऊन त्या नळ्यांतून चिकट रेशीम तिच्या पायांवर आणि तोंडावर टाकतो. दुसरे कोळी ज्या ग्रंथींतून धागा भिंतीला चिकटवायचा डिंक काढतात, त्याच ग्रंथी याने शिकारीसाठी वापरायला काढल्या. जाळं सोडलं, पण चिकटपट्टी खिशात ठेवली.

जगात या कुळाच्या अडीच हजारांच्या घरात प्रजाती नोंदल्या आहेत. एकूण कोळ्यांची नोंद 2022 मध्ये पन्नास हजारांवर गेली. ही खतावणी स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ठेवली जाते. तिचं नाव वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग. मी खतावणी हा शब्द मुद्दाम वापरला. आता माझ्या मूळ धंद्यावर येतो.

बँकेत खातं उघडताना आपण कार्डावर सही देता. त्याला आम्ही म्हणायचो स्पेसिमेन सिग्नेचर, नमुना सही. पुढे चाळीस वर्षं कोणताही चेक आला, की त्या कार्डाशी ताडून बघायचा. त्या दिवशी तुमचा हात दुखत असेल, पेन फाटकं असेल, सही तितकीशी तुमच्यासारखी आली नसेल, तरी प्रमाण तीच. ती तुमची सर्वांत सुंदर सही नसते. ती फायलीला लागलेली सही असते.

प्रजातीचं तंतोतंत असंच आहे. शब्दसुद्धा तोच, स्पेसिमेन. नवी प्रजाती जाहीर करताना शास्त्रज्ञ एकच नमुना निवडतो, एकच प्राणी, एकच कुपी. त्याला होलोटाइप म्हणतात. नाव त्या नमुन्याला बांधलं जातं. पुढे शंभर वर्षांनी कोणी म्हणालं, ‘मला तोच कोळी सापडलाय’, तर तो त्या कुपीतल्या प्राण्याशी ताडून बघायचा. होलोटाइप म्हणजे त्या जातीतला सर्वांत देखणा किंवा सरासरी प्राणी नव्हे. एखादा पाय तुटलेलाही चालतो. 1999 नंतर जाहीर झालेल्या नावांना तर नियमच आहे, मूळ नमुना कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार आहे, हे लिहिलंच पाहिजे. नाहीतर नाव ग्राह्य नाही. केवायसीची कागदपत्रं अपुरी, अर्ज परत.

आता तो अर्ज भरतात कसा, ते सांगतो.

आधी कोळी मिळवायचा. जमिनीत खड्डा करून प्लॅस्टिकचा ग्लास काठापर्यंत पुरतात. काठ जमिनीच्या पातळीत आला पाहिजे, नाहीतर कोळी वळसा घालून जातो. रात्री पळता पळता तो ग्लासात पडतो. किंवा पालापाचोळा चाळणीने चाळतात, आपण तांदूळ चाळतो तसा. किंवा बॅटरी घेऊन दगड उचलत हिंडतात. राखीव जंगलात हे करायचं तर वनखात्याची परवानगी लागते.

पकडलेला कोळी अल्कोहोलमध्ये. त्याचं अंग मऊ, फुलपाखरासारखा टाचणीला लावून ठेवला तर सुकून चुरगळतो. कुपीच्या आतच कागदाचा तुकडा टाकतात. ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणी पकडला, हे सगळं त्यावर पेन्सिलने लिहायचं. साध्या पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते. नात म्हणते, ‘आजोबा, लेबल नसलेला कोळी शास्त्राच्या दृष्टीने नुसता मेलेला कोळी.’ मी म्हटलं, आमच्याकडे त्याला तारीख नसलेला चेक म्हणायचे.

मग मोजमाप. एका बाजूचे चार पाय, प्रत्येकाचे पाच भाग मोजायचे, झाले वीस आकडे. कोणत्या भागावर किती काटे, जबड्याच्या आत किती दात, डोळ्यांमधली अंतरं. सगळं मिलिमीटरमध्ये, दशांश चिन्हासकट. माझा पहिला प्रश्न होता, इतकं कशाला, रंगावरून कळत नाही का? नाही कळत. काळा, मातकट, करडा, सगळे सारखेच. खरा निवाडा नर आणि मादीच्या मीलनाच्या अवयवांवरून होतो. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड पायांसारखे अवयव असतात, त्यांच्या टोकाला एक गुंतागुंतीची रचना असते. मादीच्या पोटाखाली तिला जुळणारी. कुलूप आणि किल्ली म्हणा. प्रत्येक प्रजातीची घडण निराळी. म्हणून वर्णनात याची चित्रं सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत काळजीने काढलेली असतात.

यातून एक गंमत निघते. कोळी वयात आलेला नसेल, तर ही घडण तयारच नसते आणि त्याची प्रजाती ठरवणं बहुतेक अशक्य असतं. मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीखाली असा एक काळा, चपळ कोळी मिळाला. नातीने कुळ लगेच सांगितलं, त्या दुनळीवरून. पुढे? ‘पुढे काही नाही, आजोबा. हा अजून अज्ञान आहे.’ अज्ञान खातेदार! सही चालत नाही. आम्ही त्याला परत कुंडीखाली सोडलं.

हा कोळी प्रौढ आहे, घडण वेगळी दिसते, असं ठरलं की पुढचं काम सर्वांत कंटाळवाणं. या गटातली आजवरची सगळी वर्णनं काढून तुलना करायची. काही शंभर वर्षांपूर्वीची, काही जर्मनमध्ये, काही फ्रेंचमध्ये. जुन्या संग्रहांतले मूळ नमुने मिळाले तर बघायचे. हे केलं नाही तर काय होतं? एकाने फक्त मादी पाहून नाव दिलं. दुसऱ्याने वीस वर्षांनी फक्त नर पाहून दुसरं नाव दिलं. पुढे दोघं एकाच दगडाखाली सापडले आणि कळलं, हे तर नवरा-बायको. एका ग्राहकाची दोन खाती! मग खाती एकत्र करायची, आणि नियम असा की जुनं नाव राहतं, नवं रद्द.

नाव देण्याचेही कायदे आहेत. पुरुषाच्या सन्मानार्थ दिलं तर शेवटी सहसा ‘ई’ येतो, म्हणून तुकारामी. ठिकाणावरून दिलं तर ‘एन्सिस’. स्वतःचंच नाव द्यायला तसा कायद्याचा अडसर नाही, पण ते शिष्टाचाराला धरून समजत नाहीत. (आपल्या सोसायटीच्या बाकांवर देणगीदारांची नावं बघता आपण या क्षेत्रात नाही हे बरं.)

या कायद्यात आपल्यासारख्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट आहे. प्राण्यांची शास्त्रीय नावं लिनियसच्या 1758 च्या ग्रंथापासून मोजतात, त्याआधीची धरत नाहीत. अपवाद एकच, आणि तो कोळ्यांचा. कार्ल क्लर्क नावाच्या स्वीडिश माणसाने 1757 साली स्वीडनच्या कोळ्यांवर पुस्तक काढलं. त्याची नावं मान्य आहेत, इतकंच नव्हे, तर लिनियसच्याही आधी धरली जातात. हा क्लर्क कोण? पैशाअभावी विद्यापीठ अर्धवट सोडून सरकारी नोकरीत शिरलेला, पुढे स्टॉकहोम शहराच्या कारभारात काम करणारा माणूस. वय वाढल्यावर, लिनियसचं एक व्याख्यान ऐकून त्याला हा नाद लागला म्हणतात. मागच्या खुर्च्यांवरच्या निवृत्त मंडळींनी हे ऐकून ठेवावं. व्याख्यानाला झोप काढणं हा एकच पर्याय नसतो.

आता पुण्याकडे वळू. आपल्याकडे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र आकुर्डीला आहे. पुण्यात काम केलेले, पुढे त्या संस्थेचे संचालक झालेले बी. के. टिकादर हे भारतीय कोळ्यांच्या अभ्यासातलं मोठं नाव. 1982 साली त्यांनी ‘फॉना ऑफ इंडिया’ या मालेत कोळ्यांचा जो खंड लिहिला, त्यात जमिनीवरच्या कोळ्यांचं हे कुळ आहे. चित्रं हाताने काढलेली. आजही भारतातला कोणताही जमिनीवरचा कोळी नवा आहे म्हणायचा, तर आधी त्या खंडाशी ताडावा लागतो.

आणि त्यात पुणं आहे! नॅफोसा पूनाएन्सिस, 1973. झेलोटिस पूनाएन्सिस, 1976, हा टिकादर आणि गजबे या दोघांनी मिळून जाहीर केला. स्कोटोफिअस पूनाएन्सिस, 1982. तिन्ही जमिनीवरचे कोळी, तिन्ही आपल्या शहराच्या नावाचे. शहराचं इंग्रजी स्पेलिंग पुढे बदललं, कोळ्यांचं बदललं नाही, बदलणारही नाही. खाते क्रमांक एकदा दिला की दिला.

हे वाचल्यावर मला जे वाटलं ते सांगतो, मग बसतो. नमुना सहीच्या कार्डावर सही असते, तसा पत्ताही असतो. होलोटाइपच्या लेबलावरही पत्ता असतो. फार जुन्या वर्णनांत नुसतं गावाचं नाव. या कुळातल्या कितीतरी भारतीय प्रजाती अशा आहेत, की फक्त नर माहीत आहे किंवा फक्त मादी. कधी एकुलता एक नमुना. जोडीदार शोधायचा, शंका मिटवायची, तर परत त्या पत्त्यावर जावं लागतं. आणि हे पत्ते काही सगळे घनदाट जंगलातले नसतात. माळरान, शेताचा बांध, ओढ्याकाठ, जुन्या वाड्याची पडवी. पुणे शहर गेल्या पन्नास वर्षांत कोणत्या जागांवरून पसरलं, ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. आपलीच चौथी विंग जिथे उभी आहे, तिथे मी पहिल्यांदा आलो तेव्हा ज्वारीचा खुंट पायाला टोचला होता. ग्राहक पत्ता बदलतो तेव्हा कळवतो. कोळी कळवत नाही. कार्ड फायलीत राहतं आणि टपाल परत येतं.

आपल्या आवारात नवी प्रजाती आहे, असा माझा दावा नाही. असेल किंवा नसेल. पण मागच्या भिंतीलगत करंज आणि बकुळीखाली जो पट्टा आहे, तिथे पालापाचोळा साचतो, दगड आहेत, आणि जमिनीवरचे कोळी आहेत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पुढच्या वार्षिक सभेत तो सगळा पट्टा पेव्हर ब्लॉक घालून बंद करायचा आणि वर्षातून चार वेळा औषध मारायचं, असा ठराव येतोय. ठराव मांडणाऱ्यांचं म्हणणं मला समजतं. पावसात चिखल होतो, आणि गाड्या लावायला जागा नाही हे खरंच आहे. माझ्याच मुलाची गाडी रस्त्यावर असते. हे कोळी तुमचे डास खातील असंही मी सांगणार नाही. त्यांचं जेवण म्हणजे मुंग्या, बारीक किडे आणि दुसरे कोळी.

माझं मत उघड सांगतो. गाड्यांच्या बाजूला ब्लॉक घाला. भिंतीलगत तीन फूट जमीन उघडी ठेवा, तिथला पाला झाडू नका, जाळू तर मुळीच नका, आणि औषध त्या तीन फुटांत नको. मी मोजून पाहिलंय, एकाही गाडीची जागा कमी होत नाही. अशी दुरुस्ती सुचवणार आहे, अनुमोदक मिळाला तर बरं.

मत द्यायच्या आधी बघून घ्यावं असं ज्यांना वाटेल त्यांनी येत्या रविवारी रात्री साडेनऊला पंपहाऊसजवळ जमावं. वॉचमनला सांगून ठेवलंय, तो तेवढा वेळ मागचे दिवे बंद ठेवील. बॅटरी हातात खाली धरू नका, कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरा. पाल्यात हिरवट ठिणग्या चमकताना दिसतील, ते बहुधा लांडगा कोळी. आपला कोळी इतका चमकत नाही, तो काळ्या रेघेसारखा पळताना दिसतो, म्हणून घाई करायची नाही. मुलांनी मोठ्यांचा हात धरूनच यायचं. पायात चपला नकोत, बूट हवेत, विंचूही असतो. दगड हाताने नव्हे, काठीने उचलायचा, आणि बघून झालं की होता तसा, त्याच खोबणीत परत ठेवायचा.